पंखांचं दुकान

गेल्या रविवारी मी पंख विकत घेतले. बाराशे रुपये जोडी. तारेच्या सांगाड्यावर ताणलेलं झिरझिरीत कापड, कडेनं चमकी आणि खांद्यात अडकवायला इलॅस्टिकचे दोन पट्टे. ते पट्टे बघून मला पहिल्यांदा काय आठवला असेल, तर पिठ्ठू. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून फॅशनच्या जाणकारीची अपेक्षा ठेवणार नाही.

सध्या मुक्काम शिलाँगला आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. मुख्यालयातली खुर्चीवरची नेमणूक. फायली, कॉन्फरन्स आणि पाऊस. लेक नववीत आहे आणि ही तिची सातवी शाळा. इथली चेरी जपानसारखी वसंतात नाही, नोव्हेंबरात फुलते. त्या सुमाराला जो महोत्सव भरतो त्यात कॉस्प्लेची स्पर्धा असते. ज्या ज्येष्ठ सरांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो: जपानी अ‍ॅनिमे, व्हिडिओ गेम किंवा परीकथेतलं एखादं पात्र घ्यायचं आणि त्याचा वेश हुबेहूब करून मिरवायचं. आपल्याकडचं फॅन्सी ड्रेस म्हणा, पण पहिलीतल्या पोराच्या डोक्यावर टोपली देऊन त्याला भाजीवाला करतात तसलं नाही. ही पोरं महिनोन्‌महिने खपतात. शिवतात, चिकटवतात, रंगवतात आणि पॉकेटमनी संपवतात.

तर लेकीला पंख हवे होते. बायकोनं हात वर केले आणि रविवारची ड्यूटी माझ्यावर आली. "बाबा, साधे कपडे घाला हं," एवढीच सूचना मिळाली. मी जीन्स आणि पोलो टीशर्ट घातला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तरी कळतंच." केस, चाल, बूट. काही सांगायला नको, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

लायतुमखरा हा शिलाँगचा कॉलेजवाल्या मुलांचा भाग. रस्ता अरुंद आणि ट्रॅफिक पुण्याला लाजवेल असं. एका जादोहच्या हॉटेलशेजारून (जादोह म्हणजे इथला मांस घालून केलेला भात, एकदा खाल्लात की मला फोन कराल) अंधारा जिना वर जातो आणि पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. नाव सांगत नाही, पोरीनं बजावलं आहे.

दार उघडलं की घंटी वाजते. आत एका भिंतीला खरोखरचं वाटेल असं शेवाळ लावलेलं. बसायला लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेले अळंबीचे स्टुल. वाळक्या फांद्या वळवून केलेली आरशाची चौकट. ट्रायल रूमचं दार म्हणजे एका जुन्या लाकडी कपाटाचं दार. कपाटातून शिरायचं आणि आत नार्निया. कपड्यांबद्दल काय सांगू! फुग्याच्या बाह्या, जमिनीपर्यंत लोळणारे झगे, पोटावर नाड्यांनी आवळायचे पट्टे, चेटकिणीच्या टोप्या, राजपुत्राचे कोट, रबराचे टोकदार कान, निळे-गुलाबी केसांचे टोप. 'चांदोबा'च्या जुन्या अंकातली चित्रं कुणी उचलून हँगरवर टांगावीत तसं सगळं. किमती मात्र चांदोबाच्या नव्हेत. राजपुत्राचा कोट तीन हजार आठशे. भाड्यानं हवा असेल तर दिवसाचे पाचशे.

दुकानात आठ-दहा मुलं-मुली होत्या. सोळा-सतरा वर्षांच्या. कुणी खरेदी करत होतं असं नाही. कपाटात जायचं, बाहेर येऊन आरशासमोर उभं राहायचं, बाकीच्यांनी हसायचं किंवा टाळ्या वाजवायच्या, की पुढचा नंबर.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं तेही सांगतो. हा सगळा पोरकटपणा आहे. आई-बापाच्या पैशांची नासाडी. या वयात आम्ही सैनिक स्कूलच्या ग्राउंडवर पहाटे धावत होतो. हा आवाज ओळखीचा आहे ना? आमच्या पिढीच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोक्यात तो बसवलेला असतो आणि तो बरोबर आहे असं वाटायला काही पुरावा लागत नाही.

पण तेवढ्यात एक मुलगा कपाटातून बाहेर आला, आरशात पाहिलं, 'श्या' असं काहीतरी म्हणाला आणि पुन्हा आत पळाला. मिनिटभरात दुसऱ्याच अवतारात हजर. मला हसू फुटलं. कारण मला थेट खडकवासला दिसलं, १९९७ साल, रात्रीचे दहा. पट्टी परेड. ज्यांनी ती भोगली आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: सीनियर हातात घड्याळ घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा. हुकूम सुटतो, "ड्रिल ऑर्डर, दोन मिनिटं." धावत केबिनमध्ये जायचं, पीटीचे कपडे फेकायचे, बूट, बेल्ट, टोपी चढवून परत फॉलइन व्हायचं. झालात? "मुफ्ती, दोन मिनिटं." टाय बांधेपर्यंत "गेम्स रिग." असं तासभर. शेवटी एकाच्या पायात एक ड्रिलचा बूट आणि एक कॅनव्हासचा, वर टाय आणि खाली चड्डी. आम्ही तीन वर्षं हे केलं आणि त्यातून देशाचे अधिकारी तयार झाले म्हणतात. त्या पोराला तरी आवडीचं घालून आरशात बघायला मिळत होतं.

आणि मग हा धागा सुटेना. वेशभूषेवर जीव टाकणारी जमात कुठली असेल, तर ती आपली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान टोपीवर लाल-हिरवा हॅकल लावतो, तो पिसांचा तुराच की. गुरखा पलटणीची हॅट तिरकी, एका बाजूला कलती असायला हवी. गढवाल रायफल्सच्या उजव्या खांद्यावरची लाल दोरी 'रॉयल' या किताबाबरोबर आली. किताब स्वातंत्र्यानंतर गेला, दोरी अजून आहे आणि ती काढा म्हणणाऱ्याला गढवाली काय म्हणेल ते मी इथे लिहू शकत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्यांचा गणवेश एकसारखा झाला. आपापल्या रेजिमेंटच्या खुणा उतरल्या, खांद्यावरची लॅनयार्ड गेली. निर्णय योग्य आहे, मी तो कॉन्फरन्समध्ये लोकांना पटवूनही सांगितला आहे. पण उद्या बढती मिळालीच, तर ती लॅनयार्ड काढून ठेवताना मला काय होईल, ते आजच कळतं आहे. सुताची दोरी ती, पण तेवीस वर्षं अंगावर आहे.

इथे शिलाँगमध्येच हॅपी व्हॅलीत आसाम रेजिमेंटचं सेंटर आहे. त्यांचं 'बदलूराम का बदन' हे गाणं तुमच्या मोबाइलवरही येऊन गेलं असेल. १९४४ च्या लढाईत बदलूराम पडला, पण त्याचं नाव शिधापत्रकावरून काढायचं राहिलं, त्याच्या नावचा शिधा येत राहिला आणि वेढ्यात अडकल्यावर त्याच शिध्यावर पोरं जगली, अशी ती कथा. पासिंग आउटला नवे जवान त्यावर नाचतात, जमिनीवर बूट आपटतात. मेलेला सैनिक अजून रेशन पुरवतो आहे असं मानून नाचणाऱ्यांनी परीच्या पंखांना हसू नये.

कोहिमाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ईशान्येत हे जपानी-कोरियन वेड एवढं का, असं मला पुण्या-साताऱ्याचे लोक विचारतात. चेहरेपट्टी सारखी म्हणून, असं उत्तर तेच देऊन मोकळे होतात. ते अर्धवट आहे. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमा आणि हिंदी वाहिन्यांवर बंदी घातली. थिएटरं ओस पडली, केबलवाल्यांनी ती जागा कोरियन वाहिनीनं भरली. मी २००३ मध्ये लेफ्टनंट म्हणून तिथे पोहोचलो, तेव्हा इंफाळच्या बाजारात कोरियन सिनेमांच्या सीडींचे ढीग होते आणि पोरांच्या कपाळावरचे केस डोळ्यांवर आलेले होते. आम्ही नाक्यांवर त्या केसांची टिंगल करायचो. बंदुकीच्या धाकानं एक दार बंद झालं आणि पोरांनी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघितलं, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. आणि कोहिमात, जिथे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर जपानी आणि ब्रिटिश-भारतीय सैनिक काही मीटरांवरून एकमेकांवर ग्रेनेड फेकत होते, तिथे आता मुलं जपानी कार्टूनमधल्या योद्ध्यांचे वेश करून जमतात. त्यांच्या पणजोबांनी खऱ्या जपानी फौजेची भीती पाहिली होती. मला यात काही विपरीत वाटत नाही. त्या टेनिस कोर्टाच्या खुणा असलेल्या युद्धस्मशानात मी उभा राहिलो आहे. तिथे झोपलेल्या पोरांची वयं वाचली की वाटतं, यांनाही लाकडी तलवारी घेऊन खेळायचा नोव्हेंबर मिळायला हवा होता.

असो. पुन्हा दुकानात येतो, कारण खरी गोष्ट तिथेच घडली.

लेक पंख निवडत होती आणि मी हँगरवरचे कोट चाळत होतो. राजपुत्राच्या कोटांशेजारी एक ऑलिव्ह हिरवा कोट होता. खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं, आणि डाव्या छातीवर रिबनची एक ओळ. जांभळी, निळी-पिवळी, अशा काहीतरी मनच्या रिबन. पण तिसरी बघून माझा हात थांबला. पांढरी आणि मधोमध लाल पट्टा. रुंदीसुद्धा तीच, सव्वा इंच.

वुंड मेडल. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला मिळतं. २००४ मध्ये चंदेल जिल्ह्यातल्या एका पायवाटेवर माझ्या प्लटूनमधल्या नाईकाचा पाय सुरुंगावर पडला. कोल्हापूरकडचा गडी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मला 'साब' म्हणायचा आणि कुणी नसताना 'बाळासाब'. गुडघ्याखालून पाय गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये तो परत चालायला शिकला. त्याच्या छातीवर ही रिबन मी स्वतः सरळ करून दिली आहे, पिन वाकडी लागली होती म्हणून. ती इथे रबरी कानांच्या शेजारी लटकत होती.

दुकान चालवणारी मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची. तिचं खासी नाव लेकीला येतं, पण सगळी मुलं तिला 'काँग' म्हणतात, म्हणजे ताई. मी कोट काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "ही रिबन कुठून आणली?" माझा आवाज जरा वर लागला असावा, कारण दुकानातलं हसणं थांबलं. ती म्हणाली, "पोलीस बाजारातून, सर. मीटरवर मिळते. रंग छान दिसले." मी तिला सांगितलं ती कशाची आहे. नाईकाचंही थोडं सांगितलं. ती ऐकून घेत होती. लेक मागे उभी राहून पुटपुटली, "बाबा, तिच्यासाठी ती नुसती रिबन आहे." तेही खरंच होतं. कायदासुद्धा हेतू बघतो. सैनिकाचा वेश किंवा खूण लोकांना फसवण्यासाठी घातली तर गुन्हा, नाटकात घातली तर नाही. एवढं मला माहीत होतं आणि तरी मी कोटावरचा हात काढला नव्हता.

तिनं ड्रॉवरमधून शिवण उसवायचं हत्यार काढलं आणि शांतपणे एकेक टाका उसवून ती रिबन वेगळी केली. माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "सर, तुम्ही आत्ता मला सांगितलंत आणि मी काढली. मला एकदा असंच सांगायचं होतं, पण कुणाला सांगायचं ते कळलं नव्हतं."

तिनं फॅशन डिझाइनचा कोर्स पुण्यात केला. तीन वर्षं. तिथे आलेलं तिचं मराठी बसमधलं आहे, 'सुट्टे द्या' आणि 'पुढं सरका'. ते तिनं म्हणून दाखवलं तेव्हा पोरं पुन्हा हसली. कॉलेजात ट्रॅडिशनल डे होता. ती घरून आणलेला जैनसेम नेसली होती. खासी स्त्रियांचा हा वेश म्हणजे दोन्ही खांद्यांवर पिन केलेली दोन लांब वस्त्रं. सोबत आईच्या पोवळ्याच्या माळा. नऊवारीतल्या मुली आल्या, फेटेवाले आले, ढोल वाजला. आणि तिच्याच वर्गातली चार मुलं 'नॉर्थ ईस्ट' होऊन आली. गवताचे घागरे, चेहऱ्यावर रंगाचे पट्टे, डोक्यावर कोंबडीची पिसं, हातात भाला आणि तोंडानं हुऽहुऽ. त्यांना बक्षीस मिळालं. मग सगळ्यांनी तिला त्यांच्यामध्ये उभं करून फोटो काढला, 'खरी' आणि 'खोटी' म्हणून. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे ती दोनदा म्हणाली. रोज जीन्स घालून कॉलेजला गेलं तरी रिक्षावाले विचारायचे, नेपाळ की चायना? "पुण्यात मी साध्या कपड्यांतसुद्धा फॅन्सी ड्रेसमध्ये असायचे, सर. म्हणून इथे आल्यावर हे दुकान काढलं. इथे ज्यानं त्यानं ठरवायचं आपण आज काय आहोत ते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुण्याचा नाही, साताऱ्याचा आहे, अशी एक पळवाट मनात येऊन गेली, ती किती पोकळ आहे ते माझं मलाच कळलं. आमच्याही गॅदरिंगमध्ये आम्ही 'आदिवासी नृत्य' केलं होतं. काळी शाई फासून. मी त्यात होतो. प्रेक्षकांत आमच्याच तालुक्यातली कातकरी माणसं झाडलोट करत होती.

वेशाची टिंगल कुठपर्यंत जाते हे आपल्याला माहीत नाही असं नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात थांबला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून हसणं सुरू झालं, बाचाबाची झाली, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. जेमतेम विशीचा होता. आमदाराचा मुलगा होता, म्हणून देशाला कळलं. त्यानंतर बेझबरुआ समिती बसली, तिनं शिफारशी केल्या. सुरुवात मात्र केसांवरून झाली होती. २००३ मध्ये मणिपूरच्या नाक्यावर आम्ही ज्या केसांना हसायचो, तसल्याच.

इथे काही वाचक म्हणतील, कर्नल, तुम्ही रिबनचा विषय सोडून भरकटलात. रिबनवर माझं मत तेच आहे, ती तिथे नको होती. पण तेवढं म्हणण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर तिच्या जैनसेमलाही तोच न्याय लावावा लागेल. परीचे पंख कुणाच्या अंगावरून उतरवून आणलेले नसतात. राक्षसाची शिंगं घाला, चेटकीण व्हा, पिठ्ठूसारखी पाठीवर शेपूट बांधा, कुणाचं काही जात नाही. जिवंत माणसाचा वेश उचलताना मात्र तो माणूस समोर उभा आहे का हे बघायला हवं, आणि तो उभा असेल तर त्याला विचारायला हवं. आपल्याकडे गावात बहुरूपी यायचा. पोलिसाच्या वेशात येऊन पाटलालाच दरडावायचा, "चला, वॉरंट आहे," आणि सगळा वाडा हसायचा. तो दुबळा होता आणि टिंगल ताकदवानाची करायचा, म्हणून ते गोड होतं. चौघांनी एकटीला मध्ये उभं करून केली की तीच गोष्ट वेगळी होते.

याच हिशेबानं एक प्रश्न मलाही टोचतो आहे. त्या मुलीनं रिबन काढली ती पटलं म्हणून काढली, की समोर आर्मीवाला उभा होता म्हणून? मेघालयातून विशेषाधिकार कायदा १ एप्रिल २०१८ रोजी पूर्ण उठला. शिलाँगमध्ये आज आम्ही बाजारात फिरतो, गिटार ऐकतो. पण वर लागलेला आवाज आणि बारीक केस यांचा अर्थ या भागातल्या माणसाला आपोआप कळतो, कायदा असो वा नसो. दुकान गप्प झालं ते माझ्या युक्तिवादानं नक्कीच नाही. मी लेकीला परतीच्या वाटेवर विचारलं. ती म्हणाली, "थोडं थोडं दोन्ही." चौदा वर्षांच्या मुलीकडून मिळालेलं हे मूल्यमापन मी माझ्या एसीआरपेक्षा गंभीरपणे घेतलं आहे.

तिचंही एक सांगायचं राहिलं. पंख लावून ती कपाटातून बाहेर आली तेव्हा मी, बापानं विचारावं तसं विचारलं, "तू नक्की कोण आहेस यात?" मला वाटलं एखाद्या जपानी पात्राचं नाव सांगेल. ती म्हणाली, "कुणीच नाही. पतंग आहे, दिव्यावर येतो तो. काँगनं आणि मी मिळून ठरवलं." मग जरा थांबून, आरशातूनच: "इथे मला कुणी आर्मी क्वार्टरवाली म्हणत नाही ना, बाबा."

सात शाळा. प्रत्येक ठिकाणी नवा गणवेश शिवला, बायकोनं जुन्याचा बेल्ट नव्याला चालवला आणि आम्ही कौतुकानं सांगत राहिलो की आमची मुलं कशी कुठेही मिसळतात. पठाणकोटला ती मद्रासी होती, कारण तिथे सगळे दक्षिणेचे मद्रासी. सिकंदराबादला ती हिंदीवाली. सुट्टीत साताऱ्याला गेली की मराठी अडखळतं म्हणून आत्याची मुलं हसतात. इथे शाळेत 'दखार', म्हणजे बाहेरची. यात वाईट हेतू कुठेच नव्हता, पुण्यासारखाच. आपल्या घरांत मुलांच्या कपड्यांवर केवढे नियम असतात ते आठवा. मेसमध्ये जीन्स नाही, गोल गळ्याचा टीशर्ट नाही, पायात सँडल नाही, पोरगा बारा वर्षांचा झाला की कॉलर हवी. मी स्वतः मेस सेक्रेटरी असताना एका कॅप्टनच्या लहानग्याला स्पायडरमॅनच्या कपड्यांत आला म्हणून दारातून परत पाठवलं होतं. वाढदिवस होता त्याचा. नियम नियमच, असं मी तेव्हा म्हणालो होतो आणि मला बरंही वाटलं होतं. तो मुलगा आता कॉलेजात असेल. त्याचे वडील हे वाचत असतील, तर सर, तेव्हाचा निर्णय चुकला. मेसला काही झालं नसतं.

नियम मोडा असं मी म्हणत नाही. मेस ती मेस. पण छावणीतल्या मुलांना आठवड्यातले दोन तास तरी अशी जागा हवी, जिथे त्यांना कुणी फॉलइन करत नाही आणि बापाची रँक काय, गाव कुठलं, हे विचारत नाही. आपण त्यांच्यासाठी स्विमिंग पूल बांधतो, घोडेस्वारीचे वर्ग काढतो, तेही चांगलंच. पण शिवणयंत्र, रंग आणि जुन्या कपड्यांची एक पेटी असलेली खोली मी एकाही स्टेशनमध्ये पाहिली नाही. सीएसडीच्या रिकाम्या गोदामातली एक खोली आणि महिन्यातून दोन रविवार, एवढ्यात होईल. इथल्या स्टेशन हेडक्वार्टरला प्रस्ताव टाकायचं मनात आहे. 'कॉस्प्ले' हा शब्द वापरला तर फाइल अडकेल, म्हणून 'हस्तकला' लिहीन. सौम्य कॅमोफ्लाज.

पंख गाडीत मावेनात. दुमडले तर तार वाकेल, म्हणून मागची काच उघडी ठेवून एक टोक बाहेर काढलं आणि पाऊस आला. लेकीनं स्वतःचं जाकीट काढून पंखांवर घातलं आणि भिजत बसली. गेटवर संत्री आला, ओळखपत्र बघितलं, मागच्या सीटवर बघितलं. आसामचा तरुण पोरगा. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. कडक सलाम ठोकला आणि बॅरियर उचलला. थोडं पुढे गेल्यावर आरशात बघितलं, तर तो दुसऱ्या संत्र्याला दोन्ही हात हलवून पंख दाखवत होता.

रिबनचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. नाईकाला फोन केला होता, आता गावाकडे त्याचं किराणा दुकान आहे. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्यायची की साब, पोरांनी घातली असती कौतुकानं." मग स्वतःच म्हणाला, "न्हाई, काढली ते बरं झालं." दोन्ही एकाच दमात.

निघताना काँगनं विचारलं होतं, जुनी पितळी बटणं कुठे मिळतील, बाजारातली प्लॅस्टिकची असतात आणि सोनेरी रंग उडतो. आज रात्री काळी ट्रंक उघडली. युनिट टेलरनं कधीतरी दिलेली साधी बटणं सापडली, कसलंही चिन्ह नसलेली, बावीस. ब्रासो मारून ठेवली आहेत. बुधवारी लेक शाळा सुटल्यावर नेऊन देईल.